थिबा राजाच्या विहिरी

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात कुठंही विहीर खणायला घ्या. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि नशीब असेल तर त्या पाषाणाच्या फटीतून पाणी. तेल लागणार नाही. माथेरानचा डोंगर, भीमाशंकरचे कडे, खंडाळ्याची भिंत हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचं काम आहे. तेल तयार होतं ते समुद्राच्या गाळात. तिथं गाडले गेलेले सूक्ष्म जीव लाखो वर्षं दाबाखाली आणि उष्णतेत शिजत राहावे लागतात. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तसा गाळ आहे. तिथं १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तेलखोदाईच्या जहाजानं तेल शोधलं, पण ते समुद्रतळाखालच्या चुनखडीत दडलेलं होतं. डोळ्यांना दिसेल असं झिरपणारं तेल सह्याद्रीच्या पायथ्याशी कधीच नव्हतं.

म्हणून या दोन तालुक्यांतला उजेड शतकानुशतकं झाडांवर अवलंबून होता. नदीकाठच्या करंजाच्या बिया, मोहाच्या बिया, ऐपत असेल तर तीळ, आणि घाण्यावरचा तेली. देवापुढं समई, ओसरीवर पणती, रानात जायचं तर टेंभा. ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाडीत बहुतेक रात्री चुलीचा जाळ विझला की उजेड संपला. जमिनीतून निघालेलं तेल इथं पोहोचलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आगगाडीतून, पत्र्याच्या डब्यात. ते पहिल्यांदा अमेरिकेहून आलं, मग रशियातून, आणि नंतर ब्रह्मदेशातून. यातल्या ब्रह्मी तेलाची गोष्ट कोकणानं आपली म्हणावी अशी आहे. त्या तेलविहिरींवर मक्तेदारी सांगणारा शेवटचा राजा रत्नागिरीत राहिला आणि रत्नागिरीतच वारला.

जगात जिथं जिथं तेल आपणहून वर आलं, तिथं माणसानं ते यंत्राची वाट न बघता वापरलं. मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडाच्या भिंतीत पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला सापडला. इराकातल्या हित गावाचं डांबर बाबिलोनच्या विटा सांधायला जात असे. बलुचिस्तानात खट्टनजवळ पाझरणाऱ्या डांबरासारख्या दाट तेलासाठी ब्रिटिशांनी १८८०च्या दशकात विहिरी पाडल्या, तेही रेल्वेच्या इंधनासाठी. कास्पियन समुद्राकाठी बाकूजवळच्या सुराखानीत जमिनीतून निघणारा वायू अखंड जळत असे. तिथं अठराव्या शतकात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी अग्निमंदिर बांधलं. त्याच्या दारांवर आजही देवनागरी शिलालेख आहेत आणि त्यांत गणपतीला वंदन आहे. आसामात दिहिंग नदीच्या काठी तेल तरंगताना १८२५ साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं पाहिलं, आणि १८६७ साली माकूमला ११८ फुटांवर तेल लागलं. डिग्बोईचा नंबर त्यानंतर, १८८९ला.

या सगळ्यांत सर्वांत मोठा, सर्वांत शिस्तीचा हातखोदाईचा धंदा होता इरावती नदीच्या पूर्व काठावर, येनानजाँग इथं. पेनसिल्व्हेनियात ड्रेकनं १८५९ साली साडेएकोणसत्तर फुटांवर तेल काढलं आणि तिथून तेलयुगाची सुरुवात धरायची प्रथा पडली. ड्रेकच्या साठ वर्षं आधी येनानजाँगला शेकडो विहिरी चालू होत्या आणि त्यांचं तेल ब्रह्मदेशाबाहेर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही विकलं जात होतं.

हे आपल्याला माहीत आहे ते दोन पाहुण्यांमुळे. कंपनी सरकारचा वकील म्हणून मेजर सायम्स १७९५ साली ब्रह्मदेशच्या राजाच्या, म्हणजे आवाच्या दरबारी गेला. वाटेत येनानजाँगच्या घाटावर तेल भरून घेणाऱ्या होड्यांची दाटी आणि हजारोंनी रचून ठेवलेली मातीची मडकी त्यानं पाहिली. दोन वर्षांनी कॅप्टन हायरम कॉक्स आला. तो तिथं थांबला, विहिरींपाशी गेला, मोजमापं घेतली, माणसांशी बोलला, आणि त्याचा वृत्तांत कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये १७९९ साली छापून आला. तेलाच्या इतिहासात इतका नेमका जुना कागद फार थोड्या जागांना लाभला आहे.

कॉक्सच्या वर्णनातली विहीर डोळ्यांसमोर आणायला आपल्याला कष्ट पडत नाहीत, कारण ती आपली मोटच आहे. तोंड चौकोनी, एका बाजूला जेमतेम चार फूट. आतून लाकडाच्या फळ्या बसवलेल्या, म्हणजे वाळू ढासळू नये. तोंडावर आडवा लाकडी रूळ, त्याच्यावरून दोर, दोराला भांडं. भांडं बुडालं की दोन माणसं दोराचं टोक धरून उतारावरून खाली पळत सुटायची. आपल्याकडे मोटेच्या धावेवर बैल उतरायचे तशी. भांडं वर आलं की हौदात रितं करायचं. तेलाबरोबर पाणीही यायचं. ते तळाशी बसलं की खालून सोडून द्यायचं आणि वरचं हिरवट-काळं तेल मडक्यांत भरायचं. मडकी गाडीत रचून दोन-एक मैलांवर नदीकाठी जायची. तिथं तेल होडीच्या पोटात थेट ओतलं जायचं.

हे तेल जायचं कुठं? दिव्यांत तर जायचंच. पण निम्मं महत्त्व लाकडाला होतं. ब्रह्मदेशात घरं लाकडाची, मठ लाकडाचे, होड्या लाकडाच्या, आणि वाळवीला कोण अडवणार? दरवर्षी तेलाचा हात दिला की वाळवी लागत नसे, पाऊस मुरत नसे. खरूज, संधिवात यांवर औषध म्हणूनही ते चोळत. डांबर आणि दिव्याचं तेल एकाच विहिरीतून निघत होतं.

विहीर खणणं हे मात्र वेगळं काम होतं, आणि जीवघेणं. खाली तेलाचा वायू साचलेला. दिवा नेणं म्हणजे मरण. फ्रिट्झ नोएटलिंग हा भूवैज्ञानिक १८९०च्या दशकात येनानजाँगला राहून हे सगळं घड्याळ लावून बघत होता. त्याच्या नोंदींनुसार माणूस तळाशी टिकायचा तो अर्ध्या मिनिटापासून जेमतेम पाच मिनिटांपर्यंत. म्हणून उतरण्याआधी त्याचे डोळे बांधून ठेवत. अंधाराला डोळे सरावण्यातही वेळ जातो, आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी नसे. कधी वरून आरशानं ऊन खाली पाडत. त्या दोन-चार मिनिटांत तो लोखंडी टोकाच्या हत्यारानं जेवढं उकरेल तेवढं उकरायचा, दोराला हिसका द्यायचा, वरचे ओढून घ्यायचे. तो वर पडून श्वास घेत असताना दुसरा उतरायचा. असं करत करत विहिरी तीनशे फुटांच्या आसपास गेल्या होत्या. पुढे काहींनी पाणबुड्यांची शिरस्त्राणं आणि हवेचे पंप आणले आणि आणखी खाली गेले. समुद्रात बुडी मारायचा पोशाख घालून कोरड्या माळावरच्या विहिरीत उतरणारा माणूस हे दृश्य एखाद्या फार्साला शोभेल, पण त्या पोशाखानं जीव वाचत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. या विहिरी कुणाच्या?

येनानजाँगला चोवीस घराणी होती. त्यांना ट्विंझा म्हणत, म्हणजे विहीरवाले, आणि घराण्याच्या प्रमुखाला ट्विंझायो. नवी विहीर कुठं पाडायची हे ट्विंझायो ठरवणार, खणणार ट्विंझाच, आणि हक्क वारसानं पुढे जाणार, मुलींकडेही. बाहेरच्याला जागा विकायची नाही. ही मंडळी आपसातच लग्नं लावतात असं कॉक्सला सांगण्यात आलं होतं, आणि त्यातलं इंगित उघड आहे. राजा त्यांच्याकडून वाटा घ्यायचा, पण विहिरींवर हात टाकत नसे. आपल्याकडच्या वतनांचा जो गुंता इतिहासकारांना झोप येऊ देत नाही, त्याच जातीची ही व्यवस्था. वतनात असतो तसा हेवा, भांडण, लबाडी इथंही असणारच. पण ती शेकडो वर्षं टिकली आणि तेल निघत राहिलं.

तिला पहिला धक्का इंग्रजांचा नव्हता, स्वतःच्या राजाचा होता. आणि राजाचाही इलाज नव्हता. १८५२च्या लढाईत इंग्रजांनी पेगूचा सुपीक खालचा प्रदेश गिळला. भाताची कोठारं आणि बंदरं दोन्ही गेली. १८५३ साली गादीवर आलेल्या मिंडोन राजाकडे उरला तो वरचा कोरडा मुलूख, सागाची जंगलं, माणकांच्या खाणी आणि येनानजाँग. त्याला मंडालेला नवी राजधानी वसवायची होती, गिरण्या काढायच्या होत्या, आगबोटी घ्यायच्या होत्या. त्यानं तेलाच्या खरेदीची मक्तेदारी जाहीर केली. ट्विंझांनी तेल राजालाच विकायचं, राजा ठरवेल त्या भावानं. काही विहिरी थेट राजाच्या झाल्या. ट्विंझा आपल्याच विहिरीवर राजाचे पुरवठादार बनले.

नेमक्या याच काळात या तेलाला लांबचं गिऱ्हाईक मिळालं. लंडनच्या प्राइस मेणबत्ती कंपनीनं १८५०च्या दशकात रंगूनहून हे तेल नेऊन त्यातून पॅराफिन काढलं आणि मेणबत्त्या ओतल्या. व्हिक्टोरियाच्या राज्यात कुणाच्या तरी दिवाणखान्यात येनानजाँग जळत होतं. १८७१ साली रंगून ऑइल कंपनी निघाली. ती राजाच्या माणसांकडून तेल घेई, इरावतीतून खाली आणी आणि रंगूनला शुद्ध करी. धंदा बसला. डेव्हिड कारगिल या स्कॉटिश व्यापाऱ्यानं ती उचलली. कारगिलला तेल हवं होतं, पण त्याच्या आणि विहिरींच्या मध्ये राजा उभा होता.

राजा बाजूला झाला तो तेलामुळे नव्हे, सागामुळे. आणि त्यात मुंबईचं नाव आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत निघाली. त्याच वर्षी २१ एप्रिलला कर्जतहून खंडाळ्याला चढणारा बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. मुंबईत तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा धो धो वाहत होता आणि तो जायला वाटा शोधत होता. बॉम्बे बर्मानं वरच्या ब्रह्मदेशातल्या सागाचा मक्ता घेतला. मिंडोननंतर १८७८ साली थिबा गादीवर आला. त्याच्या दरबारानं १८८५ साली कंपनीवर ठपका ठेवला की तिनं ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि पैसे कमी भरले. दंड ठोठावला २३ लाख रुपये.

ओंडके खरंच चोरले होते का, हा वाद आजही मिटलेला नाही. माझ्या मते तो दुय्यम आहे. थिबा फ्रेंचांशी बोलणी करत होता. मंडालेत फ्रेंच बँक आणि फ्रेंच रेल्वे येणार ही वार्ता कलकत्त्याला आणि लंडनला झोंबत होती. युद्धाला निमित्त हवं होतं, ते दंडानं दिलं. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रज फौजा आगबोटींतून इरावती चढून गेल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. येनानजाँग वाटेतच होतं. १ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश राज्याला जोडल्याचं जाहीर झालं.

थिबाला आधी मद्रासला नेलं. एप्रिल १८८६मध्ये तो राणी सुपयालतसह रत्नागिरीच्या बंदरात उतरला. रत्नागिरी निवडण्यात हिशेब होता. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद, पळून जायला वाट नाही. पंचवीसएक वर्षं तो बंगल्यांत राहिला. थिबा पॅलेस बांधून झाला १९१०ला आणि डिसेंबर १९१६मध्ये तो वारला. ज्या मंडालेतून तो आला, तिथल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक होते. मराठी माणसाला ही अदलाबदल ठाऊक असते. येनानजाँग मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं.

थिबा रत्नागिरीत उतरला त्याच १८८६ साली स्कॉटलंडमध्ये कारगिलनं बर्मा ऑइल कंपनी नोंदवली. राजाच्या विहिरी आता सरकारच्या झाल्या होत्या. त्या कंपनीनं भाडेपट्ट्यानं घेतल्या. अमेरिकन कारागीर आले, वाफेची यंत्रं आली, आणि दशक संपण्याच्या आत येनानजाँगच्या माळावर लाकडी मनोरे उभे राहिले. माणूस उतरू शकत नव्हता तिथं पहार उतरू लागली.

ट्विंझांचं काय झालं? इथं कागदावर इंग्रज सरकार राजापेक्षा उदार ठरलं. त्यानं त्यांचा वंशपरंपरागत हक्क मानला, ट्विंगोन आणि बेमे या दोन जागा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आणि विहिरीची एकेक जागा आखून त्यांच्या नावे लावून दिली. राजाची सक्तीची खरेदीही गेली. पण जी गोष्ट पूर्वी विकता येत नव्हती ती आता विकता येऊ लागली. घराण्याच्या सामायिक हक्काचे तुकडे पडले आणि तुकड्याला बाजारभाव आला. शेजारच्या जागेत यंत्रानं हजार फूट भोक पाडलं की हातखोदाईच्या विहिरीत तेल येईनासं होई. मग जागा विकण्याखेरीज उपाय काय? जागा दलालांकडे गेल्या, दलालांकडून कंपन्यांकडे. काही ट्विंझांच्या हाती रोख रक्कम आली, काही मुकादम झाले. हातानं खणणारे पुढेही काही वर्षं टिकून होते, पण धंद्याची सूत्रं गेली ती परत आली नाहीत.

कंपनीनं १९०९च्या सुमारास येनानजाँगपासून रंगूनजवळच्या सिरियमपर्यंत पावणेतीनशे मैल नळ टाकला. सिरियमच्या शुद्धीकरण कारखान्यातलं रॉकेल कलकत्ता, मद्रास, मुंबईला जाऊ लागलं. तोवर मुंबईच्या बाजारात अमेरिकन आणि बाकूचं तेल होतं. आता ब्रह्मी तेलानं त्यांना मागे सारलं. मुंबईहून ते गाडीनं कल्याण, नेरळ, कर्जत, आणि १८५६ पासून गाडी असलेल्या खोपोलीला.

तेल यायचं चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांत. एका लाकडी खोक्यात दोन डबे. खेड्यात तेलाइतकीच किंमत डब्याला होती. झाकण कापलं, वर आडवा दांडा ठोकला की पाणी आणायची बादली झाली. दोन डबे बांबूला अडकवले की कावड. उलगडून सपाट केला की कुडाला आणि छपराला पत्रा. लहानसा तुकडा कथील लावून डाक दिला आणि वात ओवली की चिमणी, जिच्या काजळीनं पुढच्या तीन पिढ्यांच्या घरातली आढी काळी झाली. करंजाचं तेल दिव्यातून हळूहळू उतरलं आणि गुरांच्या जखमांपुरतं, खरजेपुरतं उरलं. तेल्याच्या घाण्यावरचं दिव्याच्या तेलाचं काम गेलं. देवापुढच्या समईत मात्र रॉकेल गेलं नाही. त्याचा वास देवाला चालत नाही.

गंमत अशी की त्याच खोपोलीत १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटावर अडवलेल्या पावसाच्या पाण्यानं मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या, आणि केंद्राच्या आसपासच्या वाड्यांत संध्याकाळी चिमण्या पेटत राहिल्या, ब्रह्मी रॉकेलवर.

बर्मा ऑइलनं येनानजाँगचा पैसा पुढे इराणात लावला. मस्जिद-ए-सुलेमानला २६ मे १९०८ रोजी तेलाचा फवारा उडाला आणि पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन कंपनी जन्मली. आज तिला बीपी म्हणतात. आखाती तेलाची पहिली ठिणगी पडली ती ब्रह्मदेशातल्या नफ्यातून. खुद्द ब्रह्मदेशच्या तेलक्षेत्रात मजूर पगारासाठी आणि सुट्टीसाठी भांडत होते. १९३८च्या अखेरीस तिथले संपकरी चारशे मैल चालत रंगूनकडे निघाले आणि तो मोर्चा ब्रह्मी स्वातंत्र्यलढ्याचा मोठा टप्पा ठरला.

हिंदुस्थानात तेल विकण्यासाठी १९२८ साली बर्मा-शेल झाली होती. स्वातंत्र्यानंतर तिनं माहुलला शुद्धीकरण कारखाना उभारला, १९५५ साली. तिथून निघालेले टँकर पनवेल ओलांडून खालापूरमार्गे बोरघाट चढू लागले. १९७६ साली भारत सरकारनं ती ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. पाताळगंगेच्या खोऱ्यात, टाटांच्या केंद्रातून सुटलेलं पाणी जिथून वाहतं तिथं, १९८०च्या दशकात खनिज तेलापासून पॉलिएस्टरचे धागे निघू लागले.

एका खटल्याचं सांगायचं राहिलं. १९४२च्या एप्रिलमध्ये जपानी सैन्य येनानजाँगवर चालून आलं. तेल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्यानंच टाक्या पेटवल्या, विहिरी बुजवल्या, यंत्रं फोडली. रंगूनजवळचे कारखाने त्याआधीच उडवले होते. युद्ध संपल्यावर बर्मा ऑइलनं आपल्याच सरकारकडे भरपाई मागितली. सरकारनं नाकारली. कंपनी कोर्टात गेली. दरम्यान ब्रह्मदेश स्वतंत्र झाला होता आणि १९६३ साली तिथल्या सरकारनं तेलाचा धंदा ताब्यात घेतला. १९६४मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की राजसत्तेनं प्रजेची मालमत्ता नष्ट केली तर मोबदला द्यावा लागेल. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं युद्धहानीचा एक कायदा केला, मागच्या तारखेपासून लागू होणारा, आणि कंपनीला कोर्टानं दिलेला हक्क रद्द केला.